खडा दाखवा, वर्षभर जेवा

खडा शोधायला मला तीन दिवस लागले.

मिरजेत राहून बाईला खडा मिळेना म्हटलं तर माणसं हसतील. पण आमची गल्ली काँक्रीटची, अंगण फरशीचं, आणि तांदूळ हल्ली यंत्रातून येतो. त्या यंत्राला डोळे असतात म्हणे. एकेक दाणा बघतं आणि खडा दिसला की फुंकरीनं उडवून लावतं. पोतं उपसलं तरी काही निघत नाही. शेवटी रेल्वेच्या कुंपणाजवळ खडी पडलेली असते तिथं गेले, ओंजळभर चुरा पदरात बांधून आणला आणि ताटलीत पसरला. हा मोठा, दात जाईल. हा काळा, भातात उठून दिसेल. हा टोकदार. अकरा बाजूला काढले, त्यांतून पुन्हा निवडले, धुतले, स्वतःच्या दाढेखाली धरून बघितले. तासभर गेल्यावर माझं मलाच कळलं की मी खडे निवडत बसले आहे. घ्या. खडासुद्धा निवडून घेणारी बाई मी.

कशाला शोधत होते ते सांगते.

मी शालन खोत, गल्लीची आक्का. चौथी शिकले, सही येते, हिशेब तोंडी. दवाखान्यांच्या गल्लीत माझी खानावळ आहे. ज्यांचं माणूस आत खाटेवर पडलेलं असतं ती माणसं माझ्याकडे जेवतात. त्यांच्या तोंडाला चव नसते, पण पोटाला भूक असते. तेवीस वर्षं मी त्यांना गरम जेवण वाढलं, आणि दारावर पाटी लावली: 'खडा दाखवा, वर्षभर फुकट जेवा.' अशी पाटी लावायला छाती लागते. समोरच्या उडप्यानं लावून दाखवावी.

पण खरं म्हणजे ती पाटी माझ्या छातीवर नव्हती, माझ्या पोरीच्या डोळ्यांवर होती.

मयुरी बारा वर्षांची होती. एका पेशंटच्या भावाला भातात खडा लागला, दाताचा तुकडा पडला. त्यानं भरल्या पंगतीत ताट ढकललं आणि नाही नाही ते बोलला. तांदूळ मयुरीनं निवडलेला. मी सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात दिली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी तांदूळ दोनदा निवडायला लागली. मग चारदा. मग सहादा. मी मनात म्हटलं, एक थप्पड कामाला आली. पाटी लावली ती त्यानंतरच.

तिला इस्लामपूरला दिली, ती आठ महिन्यांत परत आली. तिची सासू म्हणाली, "तुमची लेक आमच्या तांदळाकडं चोरासारखी बघतीया." मी म्हटलं, तुमच्या घरात कधी कुणी नीट बघितलंच नसेल, म्हणून टोचतंय. बोलायला मी हटत नाही. पण गाडीत बसल्यावर पोरीचे हात बघितले. बोटांची टोकं सोलून निघाली होती.

मग ते रोजचंच झालं. बाराच्या सुमाराला भाताचं पातेलं उतरलं की ती विचारायची, "आई, खडा नसंल ना?" मी मूठभर भात तोंडात टाकायची, चावायची, आणि म्हणायची, "निवांत वाढ." तेवढ्यावर ती वाढायला जायची. पंगतीतल्या माणसांना वाटायचं, आक्का चव बघतात. आधी एकदा विचारायची, मग दर चार-पाच ताटांमागं. पुढं पुढं दिवसाला चाळीसदा मी 'निवांत' म्हणत होते, आणि घरात निवांत कुणीच नव्हतं. गेल्या वर्षी तिनं भात खाणं सोडलं. मग भाकरीत कचकच लागते म्हणून भाकरी सोडली. पस्तिशीतली बाई, वजन अडतीस किलो.

माझ्याकडनं डॉक्टर अनघा मगदूम यांचा डबा जायचा. मेंदूच्या डॉक्टर. एक दिवस डबा मीच घेऊन गेले आणि म्हटलं, "बाई, पोरगी माझ्यासमोर झिजतीया. काही हाय का तुमच्याकडं?"

दोघींच्या मेंदूचे फोटो काढले. मायलेकींचे तुलनेला लागतात म्हणाल्या. त्या यंत्राच्या नळीत पाऊण तास पडून राहिले, चुलीवर आमटी तशीच ठेवून. मग त्यांनी पडद्यावर मयुरीचा मेंदू दाखवला. सगळ्या रंगीत दोऱ्याच दोऱ्या. पैठणी उलटी केल्यावर दिसते तसं.

"आक्का, प्रत्येकाच्या डोक्यात एक वाट गोल फिरते," त्या म्हणाल्या. "कपाळामागं एक जागा आहे, ती सांगते, काहीतरी चुकलंय. तिथून निरोप आत खोल जातो, सवयी राहतात तिथं. तिथून मधल्या फाटकावर, आणि फाटकातून पुन्हा कपाळामागं. तुम्ही कुलूप ओढून बघता, निरोप एक फेरी मारतो, 'झालं' म्हणतो आणि फाटक पडतं. सगळ्या रोग्यांचं एकसारखं नसतं, पण मयुरीचं आम्ही मोजलंय. तिची ही वाट हमरस्त्यासारखी रुंद आहे, आणि फाटक पाडणारी तार अगदी बारीक."

"म्हणजे गाडी जंक्शनात शिरली आणि सांधेवाला झोपला."

"झोपला नाही. बिचारा एकटा पडलाय."

मी विचारलं, "माझ्या थपडेनं झालं का?"

त्यांनी लगेच 'नाही' म्हटलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. म्हणाल्या, "गाठ आधीपासून होती. थपडेनं तिला विषय दिला."

उपाय होता. दोन वर्षांपूर्वीच निघालाय. डोक्यावर टोपी घालायची. तिच्यातून आवाज निघतो, पण तो आपल्या कानाला ऐकू येत नाही. तो नेमका त्या रुंद वाटेवर धरतात. चाळीस दिवस ती वाट मऊ होते, ओल्या कोब्यासारखी. त्या दिवसांत माणूस जसा वागेल तशी पावलं उमटतात, आणि मग कोबा वाळतो.

"पुन्हा ओला करता येतो?"

"नाही. एका माणसाला एकदाच. दुसऱ्यांदा केलं तर आठवणी विरघळतात."

अट एकच होती. मयुरीनं विचारलं की घरच्यांनी उत्तर द्यायचं नाही. 'नाही' नाही, 'हो' नाही, 'निवांत' तर नाहीच. कारण मी 'निवांत' म्हटलं की तिची गाडी चार मिनिटं थांबते आणि पाचव्या मिनिटाला दुप्पट वेगानं सुटते. त्यांनी ते आलेखात दाखवलं. मी सही केली. मनात म्हटलं, एवढंच ना, गप्प बसायचं.

मला गप्प बसणं कधी जमलंय?

टोपीला कानामागं एक लहान तांबडा दिवा होता. डोक्यात फेरी सुरू झाली की तो लागायचा. तिला दिसायचा नाही, आम्हाला दिसायचा. इतकी वर्षं पोरीच्या आत काय जळतं ते मला दिसत नव्हतं, आता दिव्यासकट दिसायला लागलं. पहिले आठ दिवस मी तोंडात सुपारी धरून काढले. ती विचारायची, "आई, खडा नसंल ना?" दिवा लाल. "आई, एकदा सांग की." मी पाठ फिरवायची. एका दुपारी ती पातेल्याशेजारी खाली बसली आणि नुसती माझ्याकडं बघत राहिली. जनावर बघतं तसं.

नवव्या दिवशी माझ्या हातातली पळी पातेल्याच्या काठावर वाजली. ठक, ठक. मुद्दाम नव्हती वाजवली. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. दिवा विझला.

दहाव्या दिवशी मुद्दाम वाजवली.

मी शब्द दिला होता की बोलणार नाही. बोलले नाही. खोतांच्या घरात शब्द मोडत नाहीत.

एकोणतिसाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मयुरी शेजारच्या खोलीत तारा लावून बसलेली, मधे काच. बाईंनी आलेख माझ्यापुढं सरकवला. "आक्का, हे बघा. रोज बाराच्या सुमाराला रेघ एकदम खाली येते. वीस दिवस. काय होतं तेव्हा?"

"जेवण वाढतो."

"तुम्ही काही बोलता?"

"एक अक्षर नाही. आईची शपथ."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. सुनेकडं बघावं तसं मी खूप जणींकडं बघितलंय, माझ्याकडं कुणी बघितलं नव्हतं. मग मी टेबलावर बोटांची पेरं वाजवली. ठक, ठक. मधलं दार उघडं होतं. काचेपलीकडं मयुरीच्या कानामागचा दिवा विझला.

बाईंनी उठून मधलं दार लावलं. मग हळूच म्हणाल्या, "अकरा दिवसांत कोबा वाळेल. ही ठक ठक त्यात कायमची बसेल. मग तिला जन्मभर तुमची पळी लागेल. तुमचं वय काय?"

"सदुसष्ट."

त्यांनी पुढचं विचारलं नाही. माझं मीच मोजलं.

"तुम्ही थोडे दिवस बाहेरगावी जा," त्या म्हणाल्या. "पण नुसतं गप्प राहून आता भागेल असं वाटत नाही. खडा लागला तरी जग चालतं, हे तिला चालून बघावं लागेल. सांगून ते उमटत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि आक्का, तुमचाही फोटो बघितला मी. तीच वाट आहे. जवळजवळ तितकीच रुंद."

मला हसू आलं. "मग मी कशी धडधाकट?"

"तुम्हाला विषय कामाचा मिळाला. आणि तुमची फेरी थांबवायला रोज दोनशे माणसं ताट चाटूनपुसून उठतात."

घरी चालत आले. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी पोरीला शांत करते. तिचा दिवा विझला की माझाही कुठंतरी विझत होता, एवढंच ते होतं. बाहेरगावी गेले नाही. पळून गेले असते तर तिनं दुसऱ्या कुणाची पळी शोधली असती. मी रुळाकडं खडा शोधायला गेले.

आता गार्डसाहेबांविषयी. दिनकर ऐवळे, रेल्वेतले शेवटच्या खेपेचे गार्ड. आता गाडीला गार्ड नसतोच, हिरवा दिवा यंत्रच दाखवतं. बायको गेल्यापासून चौदा वर्षं माझ्याकडं जेवतात. वय बहात्तर, सगळे दात स्वतःचे, आणि त्याचा तोरा. रोज उठताना म्हणायचे, "आक्का, आज पण खडा न्हाई. फुकट जेवायचं नशीबच न्हाई आमचं." मी म्हणायची, "डोळं मिटल्यावर मिळंल फुकट, पिंडाचा भात." असं आमचं चालायचं. मी त्यांनाच निवडलं. ते ओरडणार, पाटीकडं बोट दाखवणार, गल्ली गोळा करणार. मला तेच हवं होतं.

तेहतिसावा दिवस. भात उतरला. मयुरी आली. "आई, खडा नसंल ना?"

मी मूठ घेतली नाही. हातातली पळी पाण्याच्या बादलीत टाकली, म्हणजे हात चाळवणार नाही. वाटीत भात दाबून मूद पाडली, आणि पाडताना तिळाएवढा पांढरा खडा आत सोडला. ताट मयुरीच्या हातात दिलं. "गार्डसाहेबांचं."

तिनं ते नेलं. दिवा लाल.

मी दारात उभी. त्यांनी वरण घातलं, तूप घातलं, कालवलं. पहिला घास, दुसरा घास. चौथ्याला त्यांचा जबडा थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग मयुरीकडं, शेजारी पातेलं घेऊन उभी होती ती. मग त्यांनी सावकाश पाण्याचा पेला उचलला.

मला कळलं ते काय करणार. घोटाबरोबर गिळणार.

"गार्डसाहेब, गिळू नका. हातावर काढा."

"काय काढू? काय न्हाई."

"काढा म्हणते."

त्यांनी तळहातावर काढला. पंगतीतल्या माना पाटीकडं वळल्या. पाटी सगळ्यांनी वाचलेली होती.

"आक्का," ते खाली मान घालून म्हणाले, "आता बोलायला लावताय म्हणून बोलतो. हा तिसरा हाय. दोन हजार तेहतीस साली एक लागला हुता, सदतीस साली एक. पाण्याबरूबर गेले पोटात. ह्या पोरीच्या तोंडाकडं बघून कोण बोलणार हो?"

कोपऱ्यातून तपासणीच्या लॅबमधला वसंता म्हणाला, "मला पण एकदा लागलेला. एका दिवाळीच्या आधी."

झालं. तेवीस वर्षांची पाटी. माझ्या छातीवर नव्हती, पोरीच्या डोळ्यांवरही नव्हती. लोकांनी गिळलेल्या खड्यांवर उभी होती.

मयुरी माझ्याकडं आली. चेहरा पांढराफटक. "आई, कुठनं आला?"

मी गप्प.

"मी सहादा बघितलेला. आई, कुठनं आला?"

जिभेच्या टोकावर होतं. मी टाकला गं, तुझी काही चूक नाही. एवढं म्हटलं असतं की दिवा विझला असता, आणि पुन्हा माझ्याच शब्दानं विझला असता. बाराव्या वर्षी जिला थप्पड दिली, तिला हे एक वाक्य मी देणं लागत होते. आणि नेमकं तेच द्यायचं नव्हतं. माझ्या सबंध आयुष्यात मी इतकं जड काही उचललं नाही, आणि मी शंभर माणसांचं पातेलं एकटीनं उतरवलंय.

तिनं चार वेळा विचारलं. पाचव्यांदा म्हणाली, "एवढं तरी सांग की गं." मी भिंतीला टेकून उभी. आमटीवर साय धरली. कुणीही जेवेना.

मग ती वळली. गार्डसाहेबांपाशी गेली. "काका, दात दुखला का?"

"माझा दात? खडा दुखला असंल."

"आणि त्या तेहतीस साली?"

"तवा? उलट आणखी आमटी मागून घेतली. तूच वाढलीस की. दोनदा."

ती उभी राहिली. पातेलं कापत होतं, दिवा पेटलेला. आणि तशीच, दिवा पेटलेला असताना, तिनं शेजारच्या ताटात भात वाढला. मला न विचारता. मग त्याच्या शेजारच्या. भात ताटाबाहेर सांडत होता. ओळीतल्या सातव्या ताटाशी दिवा विझला. मी काही वाजवलं नव्हतं. खरं सांगू, मला बरं वाटण्याआधी जरा राग आला. माझ्याशिवाय विझला म्हणून.

त्या संध्याकाळी स्टुलावर चढून मी पाटी काढली. पुढचे सात दिवस तिनं विचारलं, मी गप्प राहिले, पळी बादलीत राहिली. चाळिसाव्या दिवशी टोपी निघाली. डॉक्टरीणबाईंनी नवे फोटो काढले. म्हणाल्या, "वाट गेली नाही, अरुंद झाली. फाटकाची तार जाड झाली. पुरेल." मग म्हणाल्या, "आक्का, तुम्हालाही टोपी घालू या."

मी म्हटलं, "या वयात कोबा ओला करून त्यावर चालणार कोण?"

याला आता वर्ष झालं. मयुरी भात खाते. वजन एकोणपन्नास. यंत्राचं पोतं आलं की एकदा हात फिरवते आणि थेट पातेल्यात. गार्डसाहेब वर्षभर फुकट जेवले, आणि लाजून रोज केळी आणत राहिले. खानावळ तीच बघते, मी नुसती बसते. ती मला काही विचारत नाही. तो खडा कुठून आला तेही तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. कधी कधी वाटतं, तिनं एकदा विचारावं. आता उत्तर द्यायला बंदी नाही.

काल दुपारी काही काम नव्हतं. मी सुपात तांदूळ घेतला आणि निवडत बसले. यंत्रातला तांदूळ, त्यात काही नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून निवडला. मग पुन्हा. मयुरी भाताचं पातेलं उतरवत होती. मी म्हटलं, "मयुरे, ह्यात खडा राहिला नसंल ना गं?"

ती थांबली. माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. तिच्या ओठांवर 'निवांत' आलेलं मला दिसलं. माझाच शब्द, मी ओळखणार नाही का?

तिनं ओठ मिटले. हातातली पळी बादलीत टाकली, आणि पातेलं उचलून वाढायला बाहेर गेली.